‘फक्त चाकं लावायची राहिली’: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

आपण ‘एक इतिहासप्रेमी’ एवढीच ओळख दिली आहे, म्हणून महोदय म्हणतो. मी नागपूरकर भोसल्यांच्या बारगिराची, म्हणजे सरकारी घोड्यावर लढणाऱ्या मराठा स्वाराची, छोटी मूर्ती रंगवून तिचा फोटो टाकला होता. त्यावर आपली प्रतिक्रिया वाचली. ज्यांची वाचायची राहिली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घोडा दख्खनी वाटत नाही, फार उंच आहे. शेपूट छाटलेली आहे. स्वाराचा पोशाख पलटणीसारखा एकसारखा आहे. बंगाल लुटणाऱ्यांचं मी कौतुक करतोय. आणि शेवटी: ‘घोडा तान्ह्या पोळ्यातल्या लाकडी नंदीसारखा दिसतो, फक्त चाकं लावायची राहिली.’ (तान्हा पोळा म्हणजे पोरांचा पोळा, त्यात ती चाकांचे लाकडी बैल ओढतात.)

शेपटीचं मान्य. एकदम मान्य. घोडा मुळात एका परदेशी ड्रॅगूनच्या, म्हणजे युरोपी घोडेस्वार सैनिकाच्या, संचातला, पांढऱ्या धातूत ओतलेला. त्यावरचा ड्रॅगून काढून मी माझा स्वार बसवला. काही युरोपी पलटणींत शेपूट छाटायची चाल होती, ती ओतीवकामात तशीच आली, आणि स्वाराच्या पागोट्याच्या नादात माझं तिकडे लक्ष गेलं नाही. चूक दाखवलीत, आभारी आहे. मी चूक मानत नाही असं कोणी म्हणायला नको.

आता चाकांचं.

टीकेचं मला वावडं नाही. ‘पाय ताठ वाटतात’ म्हटलं असतं तर मी फोटो मोठा करून पाहिला असता. ‘मानेचा बाक चुकला’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण नंदी? आणि वर ‘फक्त’! त्या ‘फक्त’मध्ये जी मजा घेतली आहे ना, ती काही शिकवण्यासाठी घेतलेली नाही.

घोडा कसा रंगवला ते सांगतो, म्हणजे चाकं कुठे लावायची ते आपल्याला ठरवता येईल. आधी करडा प्रायमर. त्यावर फिक्या पिवळसर मातीच्या रंगाचे अ‍ॅक्रिलिकचे दोन पातळ हात. एक दिवस वाळू द्यायचं. मग बर्न्ट सिएना आणि किंचित रॉ अंबर, दोन्ही तैलरंग, सगळ्या अंगाला फासायचे. घोडा तेव्हा चिखलात लोळून आल्यासारखा दिसतो. पाच-सात मिनिटांनी स्पंजच्या नखाएवढ्या तुकड्याने पुसत जायचं. खांदा, पुठ्ठा, बरगड्या अशा उंचवट्यांवरचा रंग निघतो, खाली पिवळा उजळतो, खळग्यांत तपकिरी राहून सावली पडते. गुडघ्याखाली काळा, आयाळ काळी. याला कुमाईत म्हणतात, महोदय. डोळा या मापात खसखशीच्या दाण्याएवढा. त्यात डोळ्याचं पांढरं दाखवलं की घोडा वेडा दिसतो, म्हणून नुसता गडद तपकिरी, आणि वाळल्यावर टाचणीच्या टोकाने चमकत्या वार्निशचा एक ठिपका.

आणि हे सगळं नागपूरच्या मे महिन्यात. अ‍ॅक्रिलिक ब्रशवरून घोड्यापर्यंत पोचेस्तोवर वाळतो. ताटलीत ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, असं करावं लागतं. कूलर लावायची सोय नाही, त्याच्या गवताचा एक तूस उडून ओल्या तैलरंगावर बसला की त्या जागेचं सगळं काम पुन्हा. नऊ दिवस पहाटे पाचला उठून, पंखाही बंद ठेवून बसलो होतो. भाला सायकलच्या स्पोकचा आहे. मूर्ती खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाची; स्पोक दोन मिलिमीटरचा, 32 पटीने मोठा केला की अडीच इंच जाडीचा वासा होतो, म्हणून कानशीने घासून निम्मा केला. हे नंदीवाल्याला करावं लागत नाही.

बरं, घोडा दुडकीत आहे. पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकाच वेळी वर. दोन पाय हवेत असलेल्या जनावराला चाकं कशी लावतात हे आपणच सांगावं.

मुळात नंदी ही काय शिवी झाली? ज्या भोसल्यांचा हा स्वार, त्यांच्याच नागपुरातला हा सण. आपण नागपूरचे असाल (प्रतिक्रियेतल्या ‘काऊन’वरून तरी वाटतं), तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं दोरीने नंदी ओढत दारोदार जातात, बोजारा (खाऊ-पैसे) मागतात, हे आपल्याला माहीत असेलच. मी नऊ वर्षांचा असताना वस्तीतल्या सुताराने मला एक नंदी करून दिला होता. कोरा. बाबा म्हणाले, रंग तू दे. घरात दाराला लावून उरलेला निळा ऑइलपेंट होता, तोच दिला. महाल भागातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांचे नंदी पांढरे, लाल शिंगांचे, गळ्यात घुंगरं, आणि माझा दारासारखा निळा. पोरं मागे लागली, ‘निळा बैल, निळा बैल’. बोजारा मात्र सव्वा रुपया जमला. तो नंदी अजून माझ्या कपाटात आहे, या बारगिराच्या शेजारी. त्याचे खूर मी काळे केले होते, ब्रश नव्हता म्हणून काडेपेटीच्या काडीने. बावन्न वर्षं झाली, रेषा जागची हललेली नाही. तेव्हा नंदी कसा रंगवतात हे मला शिकवू नका, आणि घोडा कसा रंगवतात हेही नका शिकवू.

घोडा मला ठाऊक नाही असं आपल्याला सुचवायचं असेल, तर नागपूरच्या झिरो माईलच्या खांबाजवळचे घोड्यांचे चार पुतळे मी शाळेच्या वहीत किती वेळा काढलेत याची गणती नाही. खरे घोडेही पाहिलेत. सुट्टीत स्टेशनवरून टांग्याने घरी यायचो. टांगेवाला तोबरा चढवायचा तेव्हा मी शेजारी उभा राहून बघायचो. घोड्याच्या घामाचा वास, तंगाखाली घासून उडालेले केस, सगळं आठवतं. त्याची पाठ बाबांच्या छातीशी यायची. (हे लिहिताना लक्षात आलं की हे उदाहरण तुमच्या बाजूला जातंय. असो, लिहिलं ते लिहिलं.)

उंचीबद्दल एवढंच की फरक तुम्ही दाखवता तेवढा मोठा नाही. 54 मिलिमीटरच्या मापात (म्हणजे माणूस साधारण तेवढा उंच) मूळ ड्रॅगूनचा घोडा खांद्यापाशी 51 भरतो. दख्खनी तट्टू साधारण सव्वाचार फुटांचं धरलं तर 41 भरायला हवं. सेंटिमीटरभराची गोष्ट, आणि त्यासाठी एवढा गहजब! शिवाय शिलेदार घोडा स्वतःचा आणायचा, बारगिराला तो सरकारी पागेतून मिळायचा. पागेत त्या दिवशी कोणता घोडा मोकळा होता हे पाहायला तुम्ही गेला होतात का? मीही नव्हतो गेलो. मग सोडा न.

पोशाख एकसारखा म्हणता. अहो, स्वार एकच आहे! एकट्याचा पोशाख कोणासारखा?

बंगालचं काय झालं ते मला माहीत आहे. 1742 पासून भोसल्यांच्या स्वाऱ्या, 1744 मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखानाने भोसल्यांचे सेनानी भास्करपंतांना बोलणीला बोलावून मारलं, 1751 चा तह, बारा लाखांची चौथाई. तिकडे बर्गी (म्हणजे बारगीरच) हा शब्द आजही पोरांना झोपवताना काढतात. कौतुक करायला बसलो असतो तर मी स्वाराच्या मागे लुटीचं गाठोडं बांधलं नसतं. फोटोत ते दिसत नाही, उजवीकडून काढलाय म्हणून. या विषयावर स्वतंत्र लिहीन. मागे एकदा असं म्हणालो होतो, ते राहून गेलं, पण लिहीन.

‘या वयात खेळणी’ हा शब्दही आपल्या प्रतिक्रियेत आहे, वर सारांशात मी घेतला नाही. 1893 मध्ये विल्यम ब्रिटनने शिशाचे पोकळ सैनिक ओतायला घेतले तेव्हा ती खेळणीच होती, त्यांची पोरांनी डोकीही तोडली. माझ्या घोड्याला कोणी पोर हात लावत नाही. नातू लावतो, पण त्याला विचारावं लागतं.

तुम्ही रंगवलेला एखादा घोडा असेल तर त्याचा फोटो अवश्य टाका. बरोबर उंचीचा. मी पाहीन आणि चांगला असेल तर चांगला म्हणेन. त्याला बैल म्हणणार नाही.

आपला,
बारगिराचा मालक

ता.क.: नवी शेपूट तागाच्या धाग्यांची केली आहे. टोकं गोंदात बुडवून, विंचरून, काळी केली. आता लांब झाल्यामुळे मागच्या खुरांपर्यंत येते आणि घोडा आधीपेक्षा थोडा ठेंगणा वाटतो. नातवाला विचारलं, काय वाटतं. तो म्हणाला, याला दोरी कुठे बांधायची?