नऊ वाजता सुरू होणारी धडधड

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या अजस्र दरीवरून हेलिकॉप्टरने फिरून आलेल्यांचे फोटो टाइमलाइनवर आले की हल्ली मी लाइक न करता पुढे जाते. खडूसपणा आहे, मान्य. त्यातून दोन वर्षांपूर्वी असाच फोटो मीही टाकला होता, म्हणजे बोलायचा अधिकार तसा अर्धाच.

बाबांची सत्तरी होती. सांगलीहून आई-बाबा फिनिक्सला माझ्याकडे आले होते. उभा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाला हेलिकॉप्टरपेक्षा चांगलं काय देणार? दरीजवळच्या टुसायानच्या विमानतळावर आधी एकेकाला वजनकाट्यावर उभं केलं (आईला हे अजिबात आवडलं नाही), वजनं बघून जागा दिल्या, कानांवर हेडफोन चढवले. खालून पाइनचं जंगल सरकत असतं आणि एकाएकी जमीनच संपते. पोटात गोळा येतो. बाबा लहान पोरासारखे काचेला नाक लावून बसले होते. अर्ध्या तासाच्या आत परत खाली. आपण केवढा गोंगाट करत गेलो, हे मला कळायला पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर उजाडावा लागला.

त्या ऑक्टोबरात मैत्रिणीबरोबर हर्मिट ट्रेल नावाच्या पायवाटेने दरीत उतरले. पहाटेची पहिली बस पकडली होती. वाट दगडाधोंड्यांची, गुडघे बोलायला लागतात. चारेक किलोमीटर खाली सांता मारिया नावाचा झरा आहे. झरा म्हणजे काय, दगडी आडोसा, त्यावर चढलेला वेल आणि डोणीत टपटपणारं पाणी. तिथे बसलो. तो कॅन्यन रेन नावाचा मुठीएवढा पक्षी कुठल्यातरी कपारीतून शीळ घालत होता. वरच्या पट्टीत सुरू होते आणि कुणी जिना उतरावं तशी एकेक सूर खाली येते. ती थांबली की परत पाण्याची टपटप. आम्ही दोघी मराठी बायका अर्धा तास एक अक्षर न बोलता बसलो होतो, यावरून काय ते समजा.

नऊ वाजून गेले असतील. आधी आवाज असा आलाच नाही, नुसती छातीत धडधड. मग ती कड्यांवर आपटून दोन्हीकडून यायला लागली. मान वर करून शोधलं तर माशीएवढं हेलिकॉप्टर पलीकडे सरकत होतं. ते जाऊन धडधड विरते न विरते तोच दुसरं. मी मोजायला घेतले, अकरानंतर नाद सोडला. शीळ असेलही चालू, आम्हाला काही ऐकू आली नाही.

नऊचा मुहूर्त योगायोगाचा नव्हे. हर्मिटच्या या भागाजवळून ‘ड्रॅगन कॉरिडॉर’ नावाचा हवाई मार्ग जातो. त्यावर टूरवाल्यांना उन्हाळ्यात सकाळी 8 ते संध्याकाळी 6 आणि ऑक्टोबरपासून 9 ते 5 अशी परवानगी असते. म्हणजे शांततेलाही ऑफिसची वेळ, फक्त उलटी.

घरी येऊन वाचत गेले, तेव्हा कळलं की हे भांडण माझ्या वयाचं आहे. 1975 मध्येच अमेरिकन संसदेने कायद्यात मान्य केलं होतं की ग्रँड कॅन्यनची नैसर्गिक शांतता हीसुद्धा जपायची गोष्ट आहे. जून 1986 मध्ये दरीवर पर्यटकांचं विमान आणि हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन 25 माणसं गेली. त्यानंतर 1987 चा कायदा आला: उड्डाणं सुरक्षित करा आणि शांतता बऱ्याच अंशी परत आणा. आता ‘बऱ्याच अंशी’ म्हणजे किती? हे राष्ट्रीय उद्यान सांभाळणाऱ्या पार्कवाल्यांनी व्याख्या केली की किमान निम्म्या पार्कमध्ये दिवसाचा किमान 75 टक्के वेळ विमानाचा आवाज ऐकू येऊ नये. उरलेल्या निम्म्यात काय वाट्टेल ते होऊ दे! एवढंही जमेना. मग 2012 मध्ये संसदेनेच ठरवून टाकलं की मोजताना फक्त टूर कंपन्यांची उड्डाणं धरायची. उंचावरून जाणारी प्रवासी विमानं हिशेबातच नाहीत. पोरगं नापास होतंय म्हणून अवघड पेपरच रद्द करायचा, त्यातला प्रकार.

शांतता म्हणजे शुकशुकाट असं कुणीच म्हणत नाही. आपल्याकडे रानाला ‘किर्र’ म्हणतात, तो शब्दच मुळी आवाजाचा आहे. पाणी, वारा, कावळे, बेडूक, हे सगळं त्या शांततेत येतं.

‘ज्यांना चालवत नाही त्यांनी बघूच नये का?’ हा प्रश्न मला माझ्याच आईने विचारला. प्रश्न रास्त आहे. पण साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर, बस अगदी कड्यापर्यंत जाते, व्हीलचेअर जाईल असे सपाट रस्ते आहेत, आणि आमच्या हेलिकॉप्टरमध्ये आई-बाबा सोडले तर सगळे धडधाकट होते. मी धरून. वालापाय या इथल्या मूळ रहिवासी लोकांबद्दल मात्र मी तोंड उघडणार नाही. पश्चिमेकडच्या त्यांच्या जमिनीत हेलिकॉप्टर दरीच्या तळाशी उतरतात, पार्कच्या हद्दीत तसं उतरता येत नाही. त्यांचं पोट त्या धंद्यावर आहे, आणि ही दरी त्यांची होती तेव्हा पार्क नावाची गोष्टही नव्हती. माझा राग कॉरिडॉरवर आहे. कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन पार्कवरून पर्यटनाची उड्डाणं कायद्यानेच बंद आहेत. तिथे डोंगर बघायला लोक जायचे थांबलेत का? निदान आठवड्यातून दोन दिवस तरी ड्रॅगन कॉरिडॉर बंद ठेवा, एवढंच माझं म्हणणं.

आणि हे फक्त अमेरिकेचं दुखणं आहे असंही नाही. फाटा, सिरसी, गुप्तकाशीहून केदारनाथला हेलिकॉप्टरच्या खेपा चालतात, त्या खालचा बराच भाग कस्तुरीमृगांसाठी राखलेलं अभयारण्य आहे. गावाकडून केदारनाथला जाऊन आलेल्या किती जणांनी मला ‘सहा-सात मिनिटांत वर!’ असं कौतुकाने सांगितलंय. पायी चढणाऱ्यांच्या डोक्यावर ती सहा-सात मिनिटं दिवसभर चालू असतात.

हर्मिटहून वर आल्यावर बाबांना फोन केला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग मला कशाला बसवलंस गं त्यात?” मला उत्तर सुचलं नाही. मग त्यांनीच विचारलं, “आवाज कसला होता, इंजिनाचा का पंख्याचा?” म्हटलं, पात्यांचाच असावा. “मग ते दुरुस्त होणारं काम नव्हे,” म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

परवा मामेभावाचा मेसेज आला: ताई, एप्रिलमध्ये येतोय, हेलिकॉप्टरचं बुकिंग कुठून करू? मी त्याला हर्मिट रोडच्या पहिल्या बसची वेळ पाठवली. दोन निळ्या टिका दिसतायत. उत्तर नाही.