खडकवासल्याबद्दल फिरणारा तो संदेश

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. यंदा मला तो तीन जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: खडकवासला धरण सर्वाधिक धोक्याच्या वर्गात आहे, म्हणजे ते कधीही फुटू शकते. दीडशे वर्षांच्या भिंतीचे आयुष्य संपले आहे. खडकवासल्याच्या वरच्या बाजूचे टेमघर धरण तर गळतेच आहे. भिंतीला पाणी पेलत नाही, म्हणून जरा पाऊस झाला की घाईने नदीत सोडतात. आणि धरणे तपासायला कुणी जातच नाही.

1961 साली पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा माझी मावशी शनिवार पेठेत राहत होती. आमच्या घरी अजूनही 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' अशीच वर्षे मोजतात. त्यामुळे ही भीती मला परकी नाही. तरीही या संदेशातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे, आणि पूर येईल तेव्हा या चुका महागात पडतील.

सगळ्यात मोठा घोळ 'धोक्याचा वर्ग' या शब्दांचा आहे. धरणांची वर्गवारी दोन वेगळ्या गोष्टींसाठी होते. पहिलीत एकच प्रश्न असतो: हे धरण समजा फुटलेच, तर खाली काय काय जाईल? किती वस्ती, किती पूल, किती शेती? तिथे भिंतीच्या तब्येतीचा विचारच नसतो. काल बांधून झालेले, एकही तडा नसलेले धरणसुद्धा खाली मोठे शहर असेल तर वरच्या वर्गातच बसते. खडकवासल्याच्या खाली सिंहगड रस्ता, डेक्कन आणि सगळ्या पेठा आहेत. ते वरच्या वर्गात नसते तर मला जास्त काळजी वाटली असती, कारण वर्ग जितका वरचा तितकी देखरेख कडक हवी.

दुसरी वर्गवारी तपासणीतून निघते, आणि भिंतीची अवस्था तिच्यातूनच कळते. सापडलेल्या दोषांच्या तीन श्रेणी करतात. ज्यातून धरण फुटू शकते असे दोष पहिल्या श्रेणीत, ताबडतोब दुरुस्ती मागणारे मोठे दोष दुसऱ्या श्रेणीत आणि किरकोळ दुरुस्तीचे तिसऱ्या श्रेणीत. कुणी 'धोकादायक धरण' म्हणाले की आधी विचारावे, यातली कुठली वर्गवारी? संदेश लिहिणाऱ्याने पहिलीचे नाव घेतले आणि अर्थ दुसरीचा लावला.

आता वयाचा मुद्दा. खडकवासला 1879 मध्ये पुरे झाले, हे खरे. पण 12 जुलै 1961 ला आधी कोणते धरण फुटले? पानशेत. ते मातीचे होते, नवे होते, अजून बांधून पुरे व्हायचे होते. विमोचकाचे, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या मार्गाचे, काम अर्धवट असताना त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. जवानांनी वाळूची पोती रचून भिंत वाचवायची शिकस्त केली. सकाळी ती फुटली आणि तो लोंढा अंगावर आल्यावर खाली खडकवासलाही टिकले नाही. म्हणजे जुने धरण म्हातारपणाने गेले नाही, वरच्या नव्या धरणाने त्याला नेले. आणि आज उभे असलेले खडकवासला 1961 नंतर डागडुजी करून, पडलेला भाग पुन्हा बांधून उभे केलेले आहे. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसेक माणसे गेली. तेही काही ब्रिटिशकालीन नव्हते. तिथे खेकड्यांच्या बिळांचे कारण पुढे आले आणि त्यावर खूप हसणे झाले. खरे तर मातीच्या बांधातली बिळे, झाडांची मुळे, पायथ्याशी निघणारे गढूळ पाणी हे तपासणीत पाहायचेच मुद्दे असतात. गळती होते असे गावकरी आधीपासून सांगत होते. त्यांचे वेळेत ऐकले गेले नाही, हे मला त्यातले सर्वांत वाईट वाटते.

टेमघरची गळती काल्पनिक नव्हती, गंभीरच होती. पण 2017 पासून धरण रिकामे करून ग्राउटिंग, म्हणजे भिंतीतल्या पोकळ्यांत सिमेंटचे मिश्रण दाबून भरणे, आणि पाण्याकडच्या बाजूला लेपाचे काम हाती घेतले गेले आणि ती बरीच कमी झाली. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणातून थोडा पाझर असतोच, तो मोजला जातो. पाण्याची पातळी तेवढीच असताना पाझर वाढला का, स्वच्छ येतो की गढूळ, यावर डोळा ठेवायचा असतो. भंडारदऱ्याला 1969 मध्ये तडे आणि गळती दिसली, कोयनेला 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात तडे गेले. दोन्ही मजबूत केली गेली आणि दोन्ही आज पाणी साठवतात.

पाणी 'पेलत नाही म्हणून' सोडतात, हा मुद्दा कागदावर साध्या हिशेबानेच गळून पडतो. खडकवासल्याची साठवण जेमतेम 1.97 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), तर त्याच्या वरच्या बाजूच्या पानशेतची 10.65 आणि वरसगावची 12.82. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून नदीत 35 हजार क्युसेकच्या (सेकंदाला तितके घनफूट) वर विसर्ग होता आणि सिंहगड रस्त्याजवळच्या एकता नगरीत घरांत पाणी शिरले. त्या वेगाने पाणी येत राहिले तर रिकामे खडकवासलासुद्धा सोळा तासांत भरेल. ते मोठे साठवण धरण नाहीच, वरून येणारे पाणी त्याला पुढे द्यावेच लागते. एकता नगरीतल्या रहिवाशांची तक्रार इशारा वेळेत न मिळाल्याची होती, आणि ती रास्त आहे. पण त्याचे उत्तर भिंतीत सापडणार नाही. ते विसर्गाच्या नियोजनात, पूररेषेच्या आतल्या बांधकामांत आणि रात्री तीन वाजता दार कोण ठोठावणार या प्रश्नात आहे.

तपासणी होत नाही, हेही खरे नाही. धरण सुरक्षा कायदा 30 डिसेंबर 2021 पासून लागू आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, शिवाय मोठा पूर किंवा भूकंप झाल्यास वेगळी पाहणी, हे धरणमालकावर बंधनकारक आहे. कमी पडते ते पुढचे: अहवालात काय निघाले, त्याचे काय झाले, हे नदीकाठी राहणाऱ्याला कुणी सांगत नाही. याच कायद्याने जुन्या धरणांची पहिली सर्वंकष सुरक्षा तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा, दोन्हींसाठी पाच वर्षे दिली. ती मुदत 30 डिसेंबर 2026 ला भरते.

आमच्या सोसायटीच्या वतीने पाटबंधारे खात्याला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी केला आहे. त्यात तीन प्रश्न आहेत: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांच्या गेल्या पावसाळ्यानंतरच्या तपासणीत पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीचे किती दोष निघाले, त्यांतले किती दुरुस्त झाले, आणि कृती आराखड्यात आमच्या गल्लीला इशारा कोण, कसा आणि किती तास आधी देणार. तो संदेश पाठवणाऱ्या तिघांनाही मी सहीसाठी बोलावले आहे.