म्हणे, तिने फक्त बटणं दाबली!

परवा भाचीने एक फॉरवर्ड पाठवला. ती साउंड रेकॉर्डिंग शिकते. खाली लिहिलं होतं, "मावशी, हे प्रेझेंटेशनमध्ये घातलंय, बरोबर आहे ना?" ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानमालिकेच्या शीर्षकधुनीबद्दल त्यात चार दावे होते. हे जगातलं पहिलं इलेक्ट्रॉनिक संगीत. ते सिंथेसायझरवर, म्हणजे विजेने सूर घडवणाऱ्या वाद्यावर वाजवलं. वरचा घुमणारा सूर थेरेमिनचा, म्हणजे हात न लावता वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा. आणि धून संगीतकार रॉन ग्रेनरची. डेलिया डर्बीशायरने फक्त मशीनची बटणं दाबली, तिचं नाव हल्ली उगाच पुढे करतात. शेवटचं वाक्य वाचून माझं डोकंच फिरलं.

पहिला दावा एका ओळीत निकालात निघतो. पॅरिसमध्ये पिएर शेफर 1948 सालीच ध्वनिमुद्रित आवाजांतून संगीत रचत होता आणि 1956 च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या चित्रपटाला लुई आणि बीबी बॅरन यांनी पूर्ण इलेक्ट्रॉनिक संगीत दिलं होतं.

सिंथेसायझरचं म्हणाल तर मालिकेचा पहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 चा. रॉबर्ट मूगने आपला सिंथेसायझर लोकांपुढे आणलं 1964 मध्ये. अर्धं खरं एवढंच, की 1980 मध्ये पीटर हॉवेलने हीच धून सिंथेसायझरवर नव्याने बांधली. ज्यांच्या कानात ती बसली आहे त्यांचा गोंधळ होतो, हे मान्य. थेरेमिन मात्र तिथे नव्हताच. तो सूर ऑसिलेटरचा, म्हणजे यंत्रं तपासायला ठेवलेल्या उपकरणाचा. त्याची चकती हाताने फिरवून सूर वर-खाली सरकवलेला आहे.

आता ती ‘बटणं’.

मी स्वतः स्पूलवर, म्हणजे रिळावरच्या टेपवर काम केलंय. टेप पाव इंच रुंद. हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर पुढे-मागे सरकवून सूर कुठे सुरू होतो ते कानाने शोधायचं, तिथे पांढऱ्या पेन्सिलची खूण करायची, ब्लेडने तिरका काप द्यायचा आणि मागून चिकटपट्टी लावायची. सेकंदाला 15 इंच वेगाने टेप धावत असेल तर पाव सेकंदाचा सूर म्हणजे पावणेचार इंचांचा तुकडा. दोन तुकडे जोडले तरी पाठ धरायची. डेलियाने बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे खास आवाज घडवणाऱ्या विभागात, अख्खी धून अशी उभी केली. खालचा धडधडणारा ठेका एका छेडलेल्या तारेचा आहे. तो आवाज टेपवर घेऊन वेग बदलत एकेक स्वर मिळवला. वेग दुप्पट केला की तोच आवाज वरच्या सप्तकात जातो. मग एकेक स्वर मापाने कापून ओळीत जोडला. सुसाट वाऱ्यासारखा आवाज म्हणजे गाळून घेतलेली खरखर. मल्टिट्रॅक, म्हणजे एकाच टेपवर अनेक आवाज वेगवेगळे घेणारं मशीन नव्हतंच, वेगवेगळ्या मशीनवरच्या टेपा एकाच क्षणी सुरू करून मिसळायच्या.

तिचा सहाय्यक डिक मिल्स तेव्हा तिथे होता, आणि माझी सगळी भिस्त त्याच्याच साक्षीवर आहे. तो सांगतो, मिसळताना कुठेतरी एक सूर चुकत होता आणि सापडत नव्हता. शेवटी लंडनमधल्या मेडा व्हेल स्टुडिओच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये तिन्ही टेपा शेजारी शेजारी उलगडून पसरल्या आणि जोड ताडून पाहत चालत गेले, तेव्हा चुकीचा तुकडा हाती लागला. हे बटण दाबणं आहे?

ग्रेनरचं श्रेय मला कमी करायचं नाही. चाल त्याचीच. पण त्याने दिला होता एक कागद, आणि त्यावर आवाजांसाठी ‘वाऱ्याचे ढग’ अशा धर्तीचे शब्द. तयार धून ऐकून त्यानेच विचारलं, "हे मी लिहिलंय?" ती म्हणाली, "बरंचसं." तिला सहसंगीतकार म्हणून श्रेय मिळावं असं खुद्द त्याला वाटत होतं. वर्कशॉपच्या माणसांची नावं द्यायची नाहीत, हा बीबीसीचा शिरस्ता आड आला. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेल्या या बाईला 1959 मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीने सांगितलं होतं की स्टुडिओत बायकांना घेत नाही. मालिकेच्या पडद्यावर तिचं नाव आलं 2013 मध्ये. ती 2001 मध्येच गेली होती.

म्हणून भाचीला सांगितलं, ती स्लाइड काढ. ‘चाल: रॉन ग्रेनर. ध्वनिरचना: डेलिया डर्बीशायर, सहाय्य डिक मिल्स’ असं लिही आणि वर्गाला मूळ 1963 ची धून ऐकव, आधी नुसता खालचा ठेका. रात्री तिने नवी स्लाइड पाठवली. डेलियाचं आडनाव चुकलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं.