'शॅडो डान्सर': लाल कोट, आई आणि मॅक (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

'शॅडो डान्सर' या सिनेमावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून हे वेगळं उत्तर. नंतर येणाऱ्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. १९९३ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत बॉम्बची पिशवी ठेवणारी कोलेट ही आयआरएची, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडू पाहणाऱ्या सशस्त्र संघटनेची; ती पोलिसांऐवजी एमआय५च्या, म्हणजे ब्रिटनच्या अंतर्गत गुप्तचर संस्थेच्या, हाती कशी लागते, इतक्या सहज कशी फितते आणि तिला घरी कसं सोडतात, हे तुम्हाला पटलं नाही. खबरी बाई लाल कोट घालून हँडलरला (खबऱ्याला सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) भेटायला जाते, याचं हसू आलं. शेवटचा आईचा धक्का तुम्हाला निव्वळ मसाला वाटला, आणि 'आयआरए एका वयस्क बाईला मारेल हे खोटं' असंही तुम्ही लिहिलंत. कॅथलिक-प्रोटेस्टंट झगड्यावरच्या सिनेमात धर्म औषधालाही नाही, ही तक्रार वेगळी. या सगळ्यात तुम्हाला खरा वाटला तो एकटा मॅक, तिचा एमआय५मधला हँडलर, वरिष्ठांना झुगारून कोलेटला वाचवायला धडपडणारा. शेवटी सल्ला: त्यापेक्षा 'फिफ्टी डेड मेन वॉकिंग' पाहा, ती खऱ्या माणसाची गोष्ट आहे.

(सिनेमा न पाहिलेल्यांनी इथेच थांबावं. पुढे शेवट फोडला आहे.)

माझं मत नेमकं उलट आहे. आईचा धक्का हा या सिनेमातला सगळ्यात अस्सल भाग, आणि मॅक सगळ्यात फिल्मी.

आधी एमआय५चं बघू, कारण तिथे तारीखच पुरेशी आहे. ब्रिटनच्या भूमीवरच्या आयरिश रिपब्लिकन कारवायांची माहिती काढण्याचं नेतृत्व ऑक्टोबर १९९२ पर्यंत लंडन पोलिसांच्या स्पेशल ब्रँचकडे होतं. त्या महिन्यात ते एमआय५कडे गेलं. कोलेट पकडली जाते १९९३ मध्ये, म्हणजे ही व्यवस्था नवीकोरी असताना. एमआय५ला अटकेचा अधिकार नाही, त्यामुळे कागदोपत्री पकडणारे पोलीसच; समोर बसून सौदा करणारा माणूस मात्र एमआय५चा असू शकतो. उत्तर आयर्लंडमध्ये चित्र वेगळं होतं. तिथे १९८० च्या सुमाराच्या वॉकर अहवालापासून गुप्त माहितीच्या बाबतीत शेवटचा शब्द आरयूसीच्या, म्हणजे तिथल्या पोलीस दलाच्या, स्पेशल ब्रँचचा असे. एखाद्याला अटक करायची तरी गुन्हे शाखेने आधी स्पेशल ब्रँचला विचारायचं, न जाणो तो आपलाच माणूस निघायचा. हे नेतृत्व एमआय५कडे आलं ते २००७ मध्ये. तेव्हा लंडनमधला मॅक पटतो, पण तोच मॅक बेलफास्टमध्ये जवळपास एकट्याने कारभार हाकतो तिथे शंका घ्यायला हवी होती. तुम्ही ती घेतली नाहीत.

आता सुटकेचा मुद्दा. दहशतवादविरोधी कायद्याखाली संशयिताला ४८ तास ठेवता येत असे आणि गृहमंत्र्यांच्या सहीने आणखी पाच दिवस, एकूण सात. खबऱ्या वळवायचा असेल तर हे सात दिवस पुरे वापरणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं, कारण आयआरए कोठडीतून सुटलेल्या प्रत्येकाची स्वतःची झडती घेत असे. किती तास आत होतास, कोणी विचारलं, काय विचारलं, कुठल्या खोलीत, वकील कधी आला. आत काढलेल्या प्रत्येक तासाचा हिशोब बाहेर द्यावा लागे. म्हणून सौदा लवकर व्हावा लागतो, आणि माणूस जिथे असायला हवा होता तिथे फार उशीर न होता दिसावा लागतो. मॅकची घाई यातूनच येते. तो दाखवत असलेली पंचवीस वर्षांच्या तुरुंगाची भीतीही पोकळ नाही. जानेवारी १९९३ मध्ये लंडनच्या हॅरॉड्स दुकानाबाहेर बॉम्ब ठेवणाऱ्या दोघांना पुढच्या वर्षी प्रत्येकी ३० वर्षं झाली. पदरात लहान मुलगा असलेल्या बाईपुढे हा आकडा ठेवला की 'इतक्या सहज फितली' म्हणायला जागा राहत नाही.

लाल कोटावर तुमच्याशी भांडणार नाही. तो कॅमेऱ्यासाठी आहे, करड्या बेलफास्टमध्ये नजर तिच्यावर खिळावी म्हणून. (बेलफास्ट म्हणून दिसतं ते बरंचसं डब्लिन आहे, हे जाता जाता.) पण भेटींत खटकायला हवं ते दुसरंच. हँडलर शक्यतो एकटा जात नसे. एक बोलणारा आणि एक सहहँडलर अशी जोडी असे. भेटीपूर्वी आणि नंतर मागे कोणी लागलंय का ते बघणारी माणसं वेगळी. खबऱ्याला ठरलेल्या जागेवरून गाडीत घ्यायचं, बोलणं चालत्या गाडीत किंवा सुरक्षित जागी उरकायचं, आणि घरापासून बऱ्याच अंतरावर सोडायचं. प्रत्येक भेटीचा लेखी अहवाल होई. लष्कराच्या एफआरयूमध्ये (हस्तक सांभाळणाऱ्या तुकडीमध्ये) त्याचे 'कॉन्टॅक्ट फॉर्म' होते, आरयूसी स्पेशल ब्रँचमध्ये 'एसबी५०'. हे सोपस्कार नुसत्या कागदी हौसेपायी नव्हते. एकट्या हँडलरचा जीव खबऱ्यात गुंततो किंवा खबऱ्याच त्याला खेळवू लागतो, हे धोके या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होते. मॅक आणि कोलेट यांच्यात समुद्राच्या वाऱ्यात जे काही होतं, ते होऊ नये म्हणूनच तो दुसरा माणूस असतो. सिनेमाने त्याला काढून टाकलं, कारण तो असता तर सिनेमाच उरला नसता! तीच गोष्ट मॅकने परस्पर दुसऱ्या हस्तकाचा छडा लावण्याची. एका हँडलरला दुसऱ्याच्या हस्तकाचं नाव कळू नये यावरच ही सगळी यंत्रणा उभी होती. तुम्हाला खरा वाटलेला माणूस असा अनेक नियम मोडूनच उभा राहतो.

मॅक गाडीतल्या स्फोटात मरतो, तो शेवट मात्र खरा आहे. गाडीखाली बॉम्ब चिकटवणं ही आयआरएची नेहमीची पद्धत. त्यामुळे आरयूसीतली माणसं रोज सकाळी किल्ली लावण्यापूर्वी गुडघ्यावर बसून गाडीखाली बघत, पावसापाण्यातसुद्धा. काही जण त्यासाठी काठीला लावलेला आरसा वापरत.

मुख्य मुद्दा आईचा. सिनेमात मॅकला उशिरा कळतं की त्याच्या वरिष्ठ, केट फ्लेचर, कोलेटचा वापर ढालीसारखा करताहेत. त्यांचा जुना, मोलाचा हस्तक कोलेटच्याच घरात आहे: तिची आई, सांकेतिक नाव 'शॅडो डान्सर'. संशय कोणावर तरी जाणारच आहे, तर तो नव्या पोरीवर जाऊ दे, असा हिशोब. शेवटी आई तो संशय स्वतःवर घेते.

तुम्ही याला मसाला म्हणता. पण असा हिशोब करण्याची वेळ का येते ते बघा. समजा एक बंदूक गुरुवारी एका घरातून दुसऱ्या घरात जाणार आहे आणि हे चौघांना माहीत आहे. त्यातला एक तुमचा. आता काय कराल? दोन्ही घरांवर छापा घातलात तर उरलेल्या तिघांना कळतं की चौथा फुटला. काहीच केलं नाहीत तर शुक्रवारी त्या बंदुकीने माणूस मरतो. मधल्या वाटा होत्या. गल्लीच्या तोंडाशी 'नेहमीची' नाकाबंदी लावायची, म्हणजे पोरं आपोआप मागे फिरतात. गस्त वाढवून बेत पुढे ढकलायला लावायचा. किंवा लपवलेलं शस्त्र शोधून, त्यात ट्रान्समीटर बसवून ते पुन्हा जागच्या जागी ठेवायचं. याला 'जार्किंग' म्हणत. पण प्रत्येक युक्ती एकदोनदाच चालते. तिसऱ्यांदा नाकाबंदी लागली की समोरचाही मोजायला बसतो.

मोजणाऱ्यांचं आयआरएमध्ये स्वतंत्र पथक होतं, अंतर्गत सुरक्षा पथक, लोकांच्या तोंडी 'नटिंग स्क्वॉड'. फसलेल्या कामगिरीनंतर ते चौकशीला बसत: बेत कोणाला माहीत होता, किती वाजता कळला, त्यानंतर कोण कुठे गेलं. सिनेमातला केविन हेच करतो. हल्ल्याचा बेत फसतो, साथीदार मारला जातो, आणि केविन कोलेटला शांतपणे प्रश्न विचारत असताना शेजारच्या खोलीत एक माणूस जमिनीवर प्लास्टिक अंथरत असतो. आवाज चढत नाही, कोणी हात उगारत नाही. या विषयावरच्या सिनेमांत इतका नेमका प्रसंग मला दुसरा आठवत नाही. प्रत्यक्षात अशा चौकशीचा कबुलीजबाब कॅसेटवर मुद्रित करत, आणि पुढे ती कॅसेट कुटुंबापर्यंत पोचवल्याचीही उदाहरणं आहेत.

आणि खरी गोम इथेच आहे. हे फितूर शोधणारं पथकच आतून फुटलेलं होतं. 'स्टेकनाइफ' या सांकेतिक नावाचा लष्कराचा हस्तक त्याच पथकात होता. २००३ मध्ये वृत्तपत्रांनी फ्रेडी स्कॅपाटिची हे नाव छापलं. त्याने ते नाकारलं. तो २०२३ मध्ये वारला. 'ऑपरेशन केनोव्हा' ही स्वतंत्र पोलीस चौकशी २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्या मार्च २०२४ च्या अंतरिम अहवालात हस्तकाचं नाव नाही, पण निष्कर्ष स्पष्ट आहेत. टाळता आल्या असत्या अशा हत्या हस्तकांना सांभाळण्यासाठी होऊ दिल्या गेल्या. या हस्तकाने शेकडो जीव वाचवल्याचा दावा फुगवलेला होता. खरा आकडा फार तर दहाच्या थोडा अलीकडे-पलीकडे. वाचले त्यापेक्षा गेले ते जीव बहुधा जास्त. म्हणजे एक हस्तक खबऱ्यांच्या चौकश्या करतोय, आणि त्याला सांभाळायचं म्हणून वरचे गप्प आहेत. केट फ्लेचरचा हिशोब यापुढे सौम्यच म्हणायला हवा.

'वयस्क बाईला मारणार नाहीत' यावर एवढंच. डिसेंबर १९७२ मध्ये दहा मुलांची विधवा आई जीन मॅकॉनव्हिल यांना आयआरएने बेलफास्टमधल्या घरातून उचलून नेलं. मृतदेह २००३ मध्ये लाउथ परगण्यातल्या समुद्रकिनाऱ्यावर सापडला. त्या खबरी असल्याचा पुरावा नाही, असं पोलीस लोकपालांनी २००६ मध्ये सांगितलं. जुलै १९९४ मध्ये, आयआरएच्या शस्त्रसंधीला जेमतेम काही आठवडे उरलेले असताना, खबरी ठरवून मारलेल्या बेलफास्टच्या बाईलाही तीन मुलं होती. सिनेमाचा काळ याच्या एकच वर्ष आधीचा.

धर्माबद्दल. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट ही तिथे मुख्यतः गोटांची नावं होती. एका गोटाला आयर्लंडशी एकीकरण हवं होतं, दुसऱ्याला ब्रिटनमध्ये राहायचं होतं. वाद चर्चमधल्या कर्मकांडाचा नव्हता. कोलेटच्या घरात धर्मावर चर्चा होत नाही हे म्हणूनच स्वाभाविक. पण तुमच्या आक्षेपाचं एक टोक बरोबर आहे: सिनेमा एकाच गोटात बसून राहतो. दुसऱ्या गोटातल्या लॉयलिस्ट टोळ्यांतही खबऱ्यांचा सुळसुळाट होता, आणि तिथली प्रकरणं कमी भयानक नाहीत. जानेवारी २००७ मध्ये पोलीस लोकपाल न्युआला ओलोन यांनी उत्तर बेलफास्टमधल्या यूव्हीएफ या लॉयलिस्ट संघटनेच्या टोळीवर अहवाल दिला. त्यातल्या एका खबऱ्याला बारा वर्षांत ७९,८४० पौंड मिळाले होते, आणि त्याच काळात तो अनेक खुनांत संशयित होता. स्पेशल ब्रँचने त्याला पाठीशी घातलं, चौकशीत दिखाऊ प्रश्न विचारले, कागद गहाळ केले. पौंडांतला आकडा बघा: वर्षाला सरासरी साडेसहा हजारांच्या थोडं वर. इतक्यात कोणी श्रीमंत होत नाही. पैशापेक्षा मोलाचं होतं ते पोलिसांचं अभय. खबऱ्यांसाठी स्वतंत्र कायदासुद्धा २००० सालापर्यंत नव्हता. त्याआधी कामचलाऊ होतं ते गृहखात्याचं १९६९ चं परिपत्रक, साध्या चोर-दरोडेखोरांच्या खबऱ्यांसाठी लिहिलेलं. हा सगळा प्रदेश सिनेमाने सोडून दिलाय. सिनेमा संथ आहे असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय, तिथे आवडनिवड आपापली.

राहिला तुमचा सल्ला. 'फिफ्टी डेड मेन वॉकिंग' (२००८) जरूर पाहावा, जिम स्टर्जेस आणि बेन किंग्जली दोघांसाठीही. फक्त त्याला 'खऱ्या माणसाची गोष्ट' म्हणताना जपून. मार्टिन मॅकगार्टलंड आयआरएमध्ये शिरलेला आरयूसी स्पेशल ब्रँचचा हस्तक होता, १९९१ मध्ये आयआरएने त्याला पकडलं आणि बेलफास्टच्या ट्विनब्रुक भागातल्या फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून उडी मारून तो सुटला, इथपर्यंत आधार आहे. पण सिनेमा सुरू होतो तो १९९९ मध्ये कॅनडात त्याच्यावर झाडलेल्या गोळ्यांनी. प्रत्यक्षात त्या गोळ्या इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, व्हिटली बे इथे झाडल्या गेल्या. सहा लागल्या आणि तो वाचला. त्या गोळीबाराच्या दोन वर्षं आधी वेगवेगळ्या नावांच्या वाहन परवान्यांवरून त्याच्यावर इंग्लंडमध्येच खटला झाला होता. तो निर्दोष सुटला, पण त्याची ओळख उघडी पडली होती. सिनेमा आला तेव्हा हे आपलं आयुष्य नव्हे असं खुद्द त्यानेच जाहीर केलं. कोलेटची गोष्ट पूर्ण काल्पनिक आहे आणि ती तसा दावाही करत नाही. दोन्ही लागोपाठ पाहणार असाल तर मॅकगार्टलंडचा आधी लावा, म्हणजे हँडलर-खबऱ्या जोडीचं ढोबळ चित्र डोक्यात बसतं आणि 'शॅडो डान्सर'मधल्या केविनच्या प्रश्नांतले बारकावे दुसऱ्या पाहण्यात नीट ऐकू येतात.