पत्त्याचं काय घेऊन बसलात?

ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, लिहायला बसलाय ना? मग सगळ्यात आधी डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, मिटून ठेवा. उघडलीच तर पत्त्यांच्या नकाशाचं पान ओलांडून थेट रजिस्टरच्या तक्त्यावर या. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाच्या पहिल्या चिपच्या, म्हणजे बीसीएम२८३५च्या डेटाशीटमध्ये अगदी सुरुवातीलाच लिहिलंय की इथले पेरिफेरलचे (प्रोसेसरभोवतीच्या उपकरणांचे) पत्ते बसचे, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या वाटेवरचे आहेत, सॉफ्टवेअरने ते बदलून घ्यावेत. असल्या प्रस्तावना वाचायला आपण काय परीक्षेला बसलोय?

जीपीआयओ, म्हणजे पिना हाताळणारा भाग, तिथे ७ई२०००००वर दिसेल (पत्ते सगळे हेक्समध्ये). प्रोसेसरला मात्र तो तिथे सापडत नाही. मग शोधाशोध करून कुणाचा तरी आकडा उचला. पहिल्या पायवर ७ईच्या जागी २० येतं, पाय २ आणि ३वर ३एफ, पाय ४वर एफई. तुम्ही जो पहिला हाती लागेल तो डिफाइन करून मोकळे व्हा. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये, 'रेंजेस' नावाची ओळ असते, बसवरचा पत्ता, प्रोसेसरकडचा पत्ता आणि लांबी सांगणारी. ती वाचून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तयार पत्ता तुमच्या हातात ठेवतो. पण आयतं खायची आपल्याला सवय नाही.

पत्ता ठेवायला यू३२, म्हणजे ३२ बिटचा टाइप, घ्या. कर्नलवाल्यांनी फिजिकल पत्त्याला एक टाइप आणि डीएमएच्या (प्रोसेसरला मधे न घेता डिव्हाइस थेट मेमरीत लिहितं-वाचतं, त्याच्या) पत्त्याला दुसरा दिलाय, तो हौस म्हणून.

इंटेलच्या लॅपटॉपवर तपासा. आयओएमएमयू (डिव्हाइसचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) बंद असेल तर तिथे हे दोन्ही पत्ते बहुधा सारखेच निघतात. म्हणजे सिद्धच झालं!

आता डीएमए. इथे गंगा उलटी वाहते, डिव्हाइसला त्याच्या नजरेतला पत्ता द्यावा लागतो. त्या जुन्या पायवर रॅमचा कॅशविना दिसणारा अवतार बसवर सी०००००००पासून सुरू होतो. म्हणून फिजिकल पत्ता घ्यायचा, त्यावर सी०००००००चा 'ऑर' मारायचा, वर कॉमेंट लिहायची, 'मॅजिक, हात लावू नका', आणि नोकरी बदलायची. मला वारशात मिळालेल्या ड्रायव्हरात हे असंच होतं. १ जीबीच्या बोर्डावर अनेक वर्षं निमूट चाललं. मग क्लायंटने ४ जीबीचा पाय ४ घेतला, त्यावर ६४ बिटचं कर्नल टाकलं, आणि फाइल सिस्टिम अधूनमधून सडायला लागली. कधी तासाभरात, कधी तीन दिवसांनी. मी एसडी कार्डं बदलली, तीन. पॉवर सप्लाय बदलला. क्लायंटच्या वायरिंगवर संशय घेतला, तोही त्याच्या तोंडावर. गणित एवढंच होतं: बफर ५०००००००वर, 'ऑर' मारल्यावर डी०००००००, आणि बस त्याला समजते १०००००००, कारण सी०००००००पासूनचा तो अवतार १ जीबीपुरताच. सव्वा जीबीवर जायचा डेटा २५६ एमबीवर जाऊन पडत होता, तिथे ज्याचं कुणाचं बिऱ्हाड होतं त्याच्या डोक्यावर! एरर नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही. डीएमएला कोण विचारणार, बाबा, हे घर तुझंच ना?

रिव्ह्यूत कुणी विचारलंच, तर 'प्रॉडक्शनमध्ये चालतंय' म्हणा.

पुरे झालं. अरे, डीएमए मॅप सिंगल नावाचं फंक्शन आहे! डिव्हाइस द्या, बफर द्या, दिशा सांगा. ते 'डीएमए-रेंजेस' बघतं, कॅशचं बघतं, मास्क (डिव्हाइसचा पत्ता किती बिटपर्यंत पोचतो ते) नीट सांगितला असेल तर बफर डिव्हाइसच्या टप्प्याबाहेर असला तरी मधे दुसरा बफर लावून कॉपी करतं. परत मिळालेला पत्ता तपासायचा आणि डिव्हाइसला द्यायचा. पाच-सहा ओळी. त्या वाचवायला तुम्ही माझे अकरा दिवस खाल्लेत.

परवा तो ड्रायव्हर लिहिणाऱ्या गृहस्थांना फोन केला. आता ते दुसरीकडे आर्किटेक्ट आहेत. म्हणाले, "आमच्या वेळी तर चालत होतं." चालत होतं कारण बोर्डावर रॅमच १ जीबी होती हो! तुमच्या कोडमुळे नाही. आणि तीन कार्डांचे पैसे तुमच्याकडून घेणार आहे मी.