'आईला उपाशी बसवलंत' या प्रतिक्रियेला माझं उत्तर

नमस्कार 'ज्येष्ठ प्रवासी',

पोर्तुगालमधल्या लिस्बन आणि पोर्तोच्या आमच्या नऊ दिवसांवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं : नऊ दिवसांत एकच देश, तोही अर्धाच पाहिला. सिंत्रा आणि फातिमा ही गावं सोडून दिली. हॉटेलात न मागितलेल्या पावाचे पैसे देऊन फसलो. खर्चाचा आकडा लपवला. पोर्तोचा दों लुईस पूल, मी लिहिला तसा, आयफेल टॉवरवाल्या आयफेलचा नाही. ग्रुप टूरने गेलो असतो तर तेवढ्याच दिवसांत पाच देश झाले असते आणि रोज रात्री वरणभात मिळाला असता. आणि शेवटी, "स्वतःच्या जिभेचे चोचले पुरवायला सत्तरीच्या शाकाहारी आईला माशांच्या वासात उपाशी बसवलंत, याला कुटुंबाची सहल म्हणत नाहीत."

पुलाचं तुमचं बरोबर आहे. 1886 सालचा तो दुमजली लोखंडी पूल थेओफिल सेरिग यांचा. ते आधी आयफेल यांचे भागीदार होते. आयफेल यांच्या कंपनीने बांधला तो त्याच नदीवरचा मारिया पिया रेल्वेपूल, 1877 सालचा. माझा गोंधळ झाला होता, आज सकाळी लेखात दुरुस्ती केली. चूक दाखवलीत त्याबद्दल आभार.

पण चूक दाखवायची एक रीत असते. ओळख ना पाळख, आणि तुम्ही थेट माझ्या आईच्या ताटापर्यंत पोचलात. लेख आवडला नाही, माहिती अपुरी वाटली, हे लिहायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी आईला उपाशी ठेवलं हे तुम्ही कुठे बसून पाहिलंत? लेखात आईने काय खाल्लं ते नाही म्हणून तिने काही खाल्लंच नाही, असा निष्कर्ष काढायला वयाचा अनुभव लागत नाही. आणि तुम्ही तर नावातच ज्येष्ठपण मिरवता.

आता माझ्या आईबद्दल. 1989 साली वडील गेले तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. सांगलीला विश्रामबागेत दोन खोल्यांत तिने खानावळ सुरू केली आणि बावीस वर्षं चालवली. दोन्ही वेळचे चाळीस डबे. पहाटे साडेचारला कणीक मळायला बसायची, रात्री शेवटचा डबा घासून झाला की उरलेलं खायची. गरम पोळी ताटात पडताना मी तिला पाहिलेलं नाही. मी शाळेतून आले की पोळ्या लाटायला बसायचे, म्हणून हे मला कुणी सांगावं लागत नाही. अन्नाचं मोल मला शिकवू नका.

म्हणून तिला न्यायचं ठरलं तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट होती. तिने बसायचं आणि दुसऱ्याने तिला वाढायचं, आणि तेही तिने कधी न केलेलं, न पाहिलेलं.

पहिल्या रात्रीचं खरं ते सांगते. आम्ही उशिरा पोचलो. काल्दू व्हेर्द मागवलं, म्हणजे बटाट्याच्या दाट सूपमध्ये केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पानं. वर चोरीसची चकती तरंगत आली. गोव्यात चोरीस म्हणतात तेच ते डुकराच्या मांसाचं. आईने चमचा खाली ठेवला. त्या रात्री ती जेवली ती टेबलावर आधीच आणून ठेवलेल्या पाव, ऑलिव्ह आणि चीजवर. तुम्ही ज्या पावाला फसवणूक म्हणता, तोच हा पाव. तिकडे याला कुव्हेर म्हणतात. नको असेल तर हात न लावता परत करता येतो, खाल्लात तर पैसे द्यायचे. आईने खाल्ला, मी आनंदाने दिले. ती रात्र मला टोचते, आणि तुमचं वाक्य मला इतकं का लागलं ते तुम्हाला आता कळेल. पण नऊ रात्रींतली ती एक रात्र होती.

दुसऱ्या दिवसापासून मी 'सें शोरीसु', म्हणजे 'चोरीसशिवाय', म्हणायला शिकले आणि तेच सूप तिने चार वेळा मागून घेतलं, मक्याच्या ब्रोआ पावाबरोबर. एका संध्याकाळी मेनूत 'पेशीन्युश दा ओर्ता' दिसलं. शब्दशः अर्थ 'बागेतले छोटे मासे', त्यामुळे ती नकोच म्हणत होती. निघाली फरसबी! अख्ख्या शेंगा पिठात बुडवून तळलेल्या. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हा तळणीचा प्रकार जपानला नेला आणि त्यातून तेंपुरा आला. आईने एक शेंग मोडून आतला रंग पाहिला आणि म्हणाली, "तेल चांगलं तापलेलं होतं." बावीस वर्षं चुलीपाशी उभी राहिलेली बाई दुसऱ्याच्या हाताला दाद देते तेव्हा काय वाटतं, ते मी तुम्हाला कसं सांगू?

आई अंडं खाते, मासे-मटण नाही. तेव्हा लिस्बनच्या बेलें भागातलं पाश्तेल, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचा छोटा गोड टार्ट, तिला चाललं. जवळच्या जेरोनिमुश मठातली ती कृती. 1834 साली मठ बंद झाले आणि 1837 पासून ते पाश्तेल शेजारच्या दुकानात विकलं जाऊ लागलं. वर दालचिनी भुरभुरून खायचं. खाऊन आम्ही मठाच्या चर्चमध्ये गेलो, जिथे वास्को द गामाची कबर आहे. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने तिथे विचारलं, हा कालिकतला आला होता तोच का? दालचिनी तोंडात असताना त्याला मसाल्यांच्या व्यापाराचा इतिहास कळला. याला तुम्ही स्थळदर्शन म्हणणार नसाल तर नका म्हणू.

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट लेखात यायला हवी होती, ती इथे लिहिते. सेर्रा दा एश्त्रेला नावाचं मेंढीच्या दुधाचं मऊ चीज मिळतं. त्याचं दूध विरजायला प्राण्यांचं रेनेट वापरत नाहीत, एका काटेरी रोपाची फुलं वापरतात. आई ते पावावर लोण्यासारखं लावून खायची. शेवटी तांदळाची गोड खीर, आरोश दोस, वर दालचिनीची नक्षी काढलेली. रस्त्यावर भाजलेले चेस्टनट तर नोव्हेंबरभर मिळतात, कागदाच्या पुडीत.

आणि बोल्याऊंचा बाजार. पोर्तोमधला हा जुना बाजार दुरुस्तीनंतर 2022 मध्ये पुन्हा उघडला. आई तिथे एकेका गाळ्यासमोर उभी राहून नावं विचारत होती. बटाट्याला 'बताता', कोबीच्या जातीला 'कोव्ह', अननसाला 'अनानाश', पावाला 'पाऊं'. हे शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आले. पण भाजीवालीच्या तोंडून ऐकल्यावर आई इतकी खुलली की दीड तास हलेना. सांगलीच्या मंडईत सकाळी भाव करणारी माझी आई मला तिथे पुन्हा दिसली.

ग्रुप टूरचं म्हणाल तर 2011 साली मी नवऱ्याबरोबर एका मोठ्या कंपनीकडून गेले होते. बारा दिवस, सहा देश. पिसाच्या मनोऱ्यापाशी चाळीस मिनिटं, त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत. रात्री गावाबाहेरच्या भारतीय हॉटेलात राजमा-चावल. इटलीत मी एकदाही पास्ता खाल्ला नाही. परत आल्यावर आईने विचारलं, "तिकडची माणसं जेवतात काय?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला तशी सहल आवडते तर जरूर जा. मात्र तीच खरी, असं मला सांगू नका.

सिंत्रा, फातिमा राहिलं, कारण वेळ नव्हता. त्याऐवजी पोर्तोच्या सांव बेंतू रेल्वे स्टेशनवरच्या सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या फरशांसमोर आम्ही पाऊण तास बसलो, आईचे गुडघे दुखत होते म्हणून. खर्चाचं म्हणाल तर घरचा हिशेब मी चारचौघांत मांडत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. फक्त आईबद्दलचं ते शेवटचं वाक्य तुम्ही स्वतः पुसावं. माझा लेख आला की आई फोनवर तो वाचते आणि मग खालच्या प्रतिक्रियाही वाचते. काल रात्री तिने तुमची वाचली. सकाळी मला म्हणाली, "त्यांना सांग, फरसबी चांगली होती."