मीटरवर १०० ला आरपीएम तोच दिसतोय? तो तसाच दिसणार

तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की मी लिहिलं मोठ्या टायरने त्याच स्पीडला आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) कमी होतो, पण तुम्ही १८५/६५ आर१५ (रुंदी मिमीत, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात) काढून २०५/६५ आर१५ घातले तरी पाचव्या गिअरला मीटरवर १०० असताना काटा पूर्वीसारखा २८०० वरच, वर अ‍ॅव्हरेजही पडलं, म्हणून माझं सगळं पुस्तकी गणित. तुम्ही जे बघितलं ते अगदी खरं आहे, पण त्यातून काढलेला अर्थ पटत नाही.

अहो, स्पीडोमीटरला रस्ता कळत नाही. तो गिअरबॉक्समधून बाहेर येणारे नाहीतर चाकाचे फेरे मोजतो आणि कंपनीने मूळ टायरचा जो परीघ धरलाय त्यावरून स्पीड दाखवतो. आता क्लचवरून पाय काढलेला असेल आणि गिअर तोच असेल तर इंजिन आणि चाक दात्यांनी एकमेकांना बांधलेलेच असतात (टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये थोडी स्लिप असते, ती वेगळी), म्हणजे मीटरवर १०० म्हणजे चाकाचे तेवढेच फेरे, आणि तेवढेच फेरे म्हणजे तोच आरपीएम, मग टायर कुठलाही लावा. बदललाय तो गाडीचा खरा वेग.

तुमचेच आकडे घेऊ. जुन्या टायरचा व्यास ६२१.५ मिमी, नव्याचा ६४७.५, फरक ४ टक्क्यांहून जरासा जास्त. खरे १०० म्हणजे मिनिटाला १६६७ मीटर, त्यात जुनं चाक साधारण ८५४ फेरे घेणार, नवं ८१९. पाचव्या गिअरचं गुणोत्तर ०.८ आणि फायनल ड्राइव्हचं (गिअरबॉक्सनंतरच्या शेवटच्या दात्यांचं) ४.१ धरलं तर मिळून ३.२८, म्हणजे इंजिन आधी २८०० ला, आता २६८७ ला. वजनाने टायर थोडा दबतो त्यामुळे आकडे किंचित हलतील पण टक्केवारी जवळपास तीच राहते. बघायचंच असेल तर मीटर सोडा, मोबाईलच्या जीपीएसवर १०० धरा. आणि हे फक्त गणितापुरतं नाही हं, मीटरवर तोच आकडा असताना तुम्ही आता आधीपेक्षा ४ टक्के जोरात जाताय, ते ध्यानात ठेवूनच चालवा.

अ‍ॅव्हरेजचंही तेच. किलोमीटरसुद्धा त्याच फेऱ्यांवरून मोजले जातात, आधी जितक्या अंतराला ५०० पडायचे तितक्याच अंतराला आता ४८० पडतात, म्हणजे हिशोबात अ‍ॅव्हरेज आपोआप ४ टक्के कमी दिसणार. ते सुधारूनही कमी आलं तरी नवल नाही कारण टायर रुंद आणि जड झालाय, आणि चाकातून रस्त्यावर मिळणारा जोर ४ टक्के कमी झाल्यामुळे चढाला पाचव्यात गाडी लवकर दम टाकते, मग चौथा टाकावा लागतो, त्याचं गुणोत्तर १.०३ असेल तर त्याच वेगाला इंजिन थेट ३४६० वर. टायरने ११३ वाचवले आणि एका गिअरने पावणेआठशे वाढवले! गिअरच्या फरकापुढे टायरचा फरक इतका छोटा असतो, म्हणून नुसत्या अ‍ॅव्हरेजसाठी टायर मोठा करू नका असं मी आताही सांगेन.

मोठा रिमच हवा असेल तर १९५/५५ आर१६ चा व्यास ६२०.९ मिमी येतो, जवळपास मूळचाच, मीटरही बिघडत नाही आणि पिकअपही. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) तेवढा मूळ टायरपेक्षा कमी नको.

जीपीएसच्या १०० ला पाचव्यात काटा कुठे येतो ते नक्की कळवा.